जाम झालेला जेट

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेलं तमिळनाडूतलं कुंभकोणम पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. जवळच्या नाच्चियारकोविलच्या उभ्या पितळी समयांना, कुत्तुविळक्कूंना, भौगोलिक मानांकन आहे. बैठक, दांडा, तेलाची थाळी आणि वरचं शिखर हे भाग वेगवेगळे ओततात आणि आट्यांवर एकमेकांत बसवतात. पितळ पितळेतच फिरत असल्यामुळे समई पिढ्यान्‌पिढ्या उघडता येते, घासता येते, पुन्हा जोडता येते.

जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे स्क्रू, हेही पितळेचेच आणि आट्यांवरच बसवलेले. पण त्यांच्याभोवतीचं अंग असतं ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं. जुना कार्ब्युरेटर उघडणाऱ्याची खरी झुंज या दोन धातूंच्या शेजाराशी असते.

तमिळनाडूचं मोटारसायकलशी जुनं नातं आहे. मद्रास मोटर्स आणि इंग्लंडच्या रॉयल एन्फिल्ड कंपनीने 1955 मध्ये एन्फिल्ड इंडिया उभी केली आणि मद्रासच्या तिरुवोत्तियूरमधून बुलेट मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. इंग्लिश घडणीच्या बुलेटवर अमालचा मोनोब्लॉक कार्ब्युरेटर दिसे. पुढे देशी बुलेटवर ‘मिककार्ब’ आला. तो मद्रासजवळची यूकॅल कंपनी जपानच्या मिकुनीच्या सहकार्याने बनवी. म्हैसूरच्या येझ्दीवर जिकोव्ह असे. यातली कितीतरी यंत्रं आज पडवीत, गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली उभी आहेत, आणि त्यांच्या कार्ब्युरेटरमधला एखादा भाग हमखास घट्ट बसलेला असतो.

घट्ट बसण्याची कारणं मुख्यतः तीन. ती ओळखल्याशिवाय पाना उचलू नये.

पहिलं कारण पेट्रोलचा डिंक. फ्लोटच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलचे हलके घटक उडून जातात, उरलेल्यांवर हवेची क्रिया होते आणि तपकिरी, चिकट थर तयार होतो. हवेची वाट उघडझाप करणारी स्लाइड खाली येईनाशी होते, स्लो जेटचं अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक भोक बुजतं. यावर उपाय द्रावकाचा: रबरी ओरिंग आधी काढून ठेवायच्या आणि अंग कार्ब क्लीनरमध्ये भिजत घालायचं. जेटच्या भोकात पोलादी तार घालू नये; भोक किंचित जरी रुंदावलं, तरी मिश्रणाचं प्रमाण बदलतं. मऊ तांब्याची तार आणि हवेचा झोत यांवर भागवावं.

दुसरं कारण गंज. पितळ आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये ओलावा शिरला की विद्युतरासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांमध्ये पाचरीसारखी बसते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या परतीच्या मोसमी पावसात भिजणाऱ्या कावेरीच्या मुखप्रदेशात ओलाव्याची उणीव नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे न वापरलेल्या गाडीत हा त्रास वाढतो.

घरातली पितळ चिंचेने लख्ख होते, म्हणून कार्ब्युरेटरही आंबट पाण्यात घालावासा वाटतो. तो मोह टाळावा. जे आम्ल पितळेवरचा काळा थर काढतं, तेच जस्त आणि ॲल्युमिनियमला खातं. गंजाला हवं झिरपणारं तेल, भरपूर वेळ आणि ऊब. ॲल्युमिनियम दर अंशाला साधारण दशलक्षात 23 भागांनी प्रसरण पावतं, तर पितळ 19 भागांनी. सहा मिलिमीटरच्या आट्यात ऐंशी अंशांच्या तापमानवाढीने दोघांमध्ये जेमतेम दोन मायक्रॉनचा फरक पडतो. पण तापवणं-निवणं दोन-चारदा केलं की भुकटीची पकड सैलावते आणि तेल आत शिरतं. उकळतं पाणी किंवा हीट गन पुरते. पेट्रोल प्यायलेल्या भांड्याजवळ उघडी ज्योत कधीही नेऊ नये.

तिसरं कारण आधीच्या हाताने केलेला अतिरेक. कुणीतरी जेट कमालीचा आवळलेला असतो किंवा इंजिनाला जोडणारी फ्लँज इतकी ओढलेली असते की अंग वाकून स्लाइड अडकते. जुन्या अमालमध्ये हे नेहमीचंच. इथे स्क्रूड्रायव्हरची निवड निर्णायक ठरते. पातं खाचेत पूर्ण रुंदीभर बसलं पाहिजे. न बसल्यास घासून बसवावं. जपानी घडणीच्या कार्ब्युरेटरवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांचं माप वेगळं असतं. फिलिप्स लावला की पातं घसरून डोकं खरवडतं. जेट उलटा फिरवण्याआधी केसभर घट्ट करून पाहावा. पकड अनेकदा तिथेच सुटते. खाच मोडलीच, तर नेमकं मध्यावर डाव्या फिरकीचं ड्रिल चालवून जेट बाहेर काढतात.

सगळ्यात नाजूक काम फ्लोटच्या पिनचं. पिन ज्या दोन खांबांत असते, ते ओतीव आणि ठिसूळ असतात. बहुतेक वेळा पिनची एकच बाजू घट्ट असते. ती ओळखून, खांबाला खालून आधार देऊन, योग्य दिशेनेच पिन ढकलायची. एका चुकीच्या ठोक्याने खांब तुटला की बहुधा अख्खं अंग निकामी होतं.

ही काळजी आज अधिक मोलाची झाली आहे. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 लागू झाल्यावर जवळपास सगळ्या नव्या दुचाकींवर इंधन इंजेक्शन आलं. जुन्या कार्ब्युरेटरचं अस्सल अंग मिळणं हळूहळू दुर्मिळ होणार आहे. म्हणून दुरुस्ती संपताना करायची कामंही तितकीच महत्त्वाची: जेट बोटांनी बसवून हलकासाच आवळायचा, आटे स्वच्छ ठेवायचे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर वाटीतलं पेट्रोल काढून टाकायचं. पुढे हाच कार्ब्युरेटर उघडणाऱ्याला ड्रिल उचलावं लागणार नाही, इतकं आपल्या हातात नक्कीच आहे.