बीडच्या उन्हात रुंद पानं

बीड, गेवराई किंवा आष्टीत दारापुढे केळ लावली, तर पावसाळ्यात ती जोमानं वाढते आणि चैत्र-वैशाखात तिच्या पानांच्या कडा करपतात. अळूचं, म्हणजे आपल्या चमकुऱ्याचंही तेच होतं. पाणी कमी पडलं असं समजून कुणी पाणी वाढवतं. ही कोकणातली झाडं, आपल्याकडे यायची नाहीत, असं म्हणून कुणी ती उपटून टाकतं. दोघांचंही निदान अपुरं आहे. वर्षाला साधारण 650 ते 700 मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात चाळिशीपार जाणारा पारा, अशा या जिल्ह्यातही रुंद पानांची झाडं टिकतात. मात्र त्यांची जागा आणि हंगाम हे पाण्याच्या आधी ठरवावे लागतात.

पानाच्या आकाराला मर्यादा कशानं येते, याचा मोठा अभ्यास 2017 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातले वनस्पतिशास्त्रज्ञ इयान राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या 7,670 जातींची पानं तपासली. प्रत्येक पानाला स्थिर हवेचा एक पातळ थर लपेटलेला असतो. पान जितकं रुंद, तितका हा थर जाड आणि तितकी भोवतालच्या हवेशी उष्णतेची देवघेव मंद. दिवसा असं पान पर्णरंध्रांतून पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतं. पण हवा फार कोरडी झाली किंवा मुळांना ओल पुरेना झाली की रंध्रं मिटतात आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही जास्त तापतं. निरभ्र रात्री तेच पान उष्णता आकाशाकडे टाकून हवेपेक्षा गार होतं आणि थंड देशात गोठतं. बाभळीची बारीक पर्णिका या दोन्ही संकटांतून सुटते, केळीचं पान सुटत नाही.

म्हणूनच बीडच्या बागेला इंग्लंडच्या बागेकडून शिकण्यासारखं काही आहे. तिथले हौशी लोक ‘मुसा बास्जू’ ही काटक केळ उघड्यावर लावतात आणि हिवाळ्याआधी तिचा बुंधा काडाच्या जाड आवरणात गुंडाळतात. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या गनेराची पानं माणसाच्या उंचीएवढी रुंद होतात. थंडीच्या तोंडावर तीच कापून तिच्या कोंबावर पालथी घालतात. हिवाळ्यात पान राखण्याचा अट्टहास कुणी करत नाही. जपायचा असतो तो कोंब. तो वाचला की वसंतात नवी पानं येतात. आपला कसोटीचा काळ मार्च ते जून आहे, एवढाच फरक. केळ, अळू, कर्दळ आणि सुरण या सगळ्यांचा जीव जमिनीतल्या गड्ड्यात असतो. सुरण तर हंगाम संपला की आपलं एकुलतं एक भलंमोठं पान टाकून मातीखाली विसावतो. पळस आणि साग हेही मोठ्या पानांचे धनी, पण कोरड्या दिवसांत ते पानं झाडून मोकळे होतात. कोरड्या मुलखात रुंद पान हा पावसाळी थाट आहे, हे या झाडांनी आधीच मान्य केलेलं आहे.

हे पटलं की लागवडीचे नियम आपोआप सुचतात. घराच्या पूर्वेची बाजू निवडावी, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारनंतर भिंतीची सावली पडते. पश्चिमेच्या भिंतीलगत मात्र ऊन आणि तापलेली भिंत असा दुहेरी मार बसतो. उन्हाळी झळा अडवायला शेवरीची दाट ओळ उपयोगी पडते. पानमळ्यांत आणि केळीच्या बागांत ती याच कामासाठी लावतात. गड्डे मृगाच्या चांगल्या पावसानंतर लावावेत, म्हणजे वाढीचे चार-पाच महिने हाताशी राहतात. बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन घालावं. माजलगाव-गेवराईकडच्या ऊसपट्ट्यात त्याला तोटा नाही. वाऱ्यानं केळीचं पान फाटलं तर हळहळू नये. फाटून झालेल्या अरुंद पट्ट्या अखंड पानापेक्षा कमी तापतात, हे 1972 मध्येच दाखवून दिलं गेलं आहे.

यावर सर्वांत रास्त आक्षेप पाण्याचा आहे. ज्या जिल्ह्यानं टँकरपुढच्या घागरींच्या रांगा पाहिल्या, तिथे केळीची हौस कशाला? पिण्याचं पाणी या झाडांना घालावं लागत असेल, तर ती लावूच नयेत, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण न्हाणीचं पाणी घरोघरी रोज निघतं आणि बहुतेक ठिकाणी गटारात सडतं. परसात मोरीच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ लावण्याची जुनी रीत याच पाण्यावर चालत आली. कर्दळ सांडपाणी शुद्ध करण्याच्या वाफ्यांतही वापरतात. म्हणून साबणाचं पाणी आधी कर्दळीला द्यावं आणि खायच्या अळूला भाजी-धान्य धुतलेलं पाणी राखावं. हे दोन-चार खुंटांचं गणित आहे, एकरांचं नाही. दुष्काळी वर्षी पानं जाऊ द्यावीत आणि गड्डा पाचटाखाली झाकून ठेवावा.

दुसरा आक्षेप असा की ही झाडं इथली नव्हेत, इथे इथलंच लावावं. पण बालाघाटाच्या डोंगरांवर पसरलेलं आणि 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं बीडचं सीताफळही मूळचं अमेरिकेचं. ते इथलं झालं, कारण कडक उन्हाळ्यात पानं गाळून तगून राहणं त्याला जमतं. झाड कुठून आलं यापेक्षा इथला ऋतू त्याला पेलतो का, हा प्रश्न महत्त्वाचा. उघड्या माळावर केळ नको, तिथे सीताफळ, बोर आणि कडुनिंबच हवेत. सावलीच्या, सांडपाण्याच्या कोपऱ्यात मात्र रुंद पानांना पुरता अधिकार आहे. श्रावणात अळूवडीला लागणारं पान आणि पूजेच्या चौरंगाला बांधायचे केळीचे खुंट बाजारातून विकत आणण्यापेक्षा ते परसात उभे राहणं शक्य आहे. त्यासाठी वर्षभर हिरवंगार दिसण्याचा आग्रह तेवढा सोडावा लागेल.