चाकांची बदली

बँकेच्या नोकरीत ‘बदली’ या शब्दाची सवय लवकर होते. ठरावीक वर्षे झाली की अधिकाऱ्याने दुसऱ्या शाखेत जावे, एकाच शाखेतही रोकड, ठेवी, कर्जे अशी टेबले आळीपाळीने सांभाळावीत, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता आहे. त्यामागे दोन हेतू असतात. कामाचा भार सर्वांवर सारखा पडावा, हा पहिला. दुसऱ्याविषयी फारसे बोलले जात नाही, पण तोही तितकाच महत्त्वाचा आहे. माणसांच्या जागा बदलल्या की दडून राहिलेला दोष उघडकीस येतो. दोष माणसाबरोबर नव्या टेबलावर गेला तर तो माणसाचा, आणि जुन्या टेबलावरच राहिला तर तो तेथील कार्यपद्धतीचा.

मोटारगाडीच्या चाकांनाही हे दोन्ही हेतू तंतोतंत लागू पडतात, हे मला जरा उशिराच कळले. नाशिकहून इंदूरला बदली झाल्यानंतर सुट्ट्यांत आमचे कुटुंब धुळे, सेंधवा मार्गे गाडीनेच ये-जा करीत असे. अशाच एका प्रवासात बिजासन घाट उतरल्यावर स्टिअरिंग हातात थरथरू लागले. वेग ताशी ४० ते ५० किलोमीटर असतानाही ती थरथर जाणवत होती. इंदूरला पोहोचल्यावर एका गॅरेजात चाकांचे बॅलन्सिंग करून घेतले. फरक पडला नाही. पुन्हा केले, सोबत अलाइनमेंटही झाले. तरीही थरथर कायम. तिसऱ्या खेपेस ब्रेकच्या डिस्क आणि स्टिअरिंगचे काही भाग बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाचा अंदाज ऐकून मी गाडी परत आणली. पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी चाकांची झीज आणि थरथर यांची मूळ कारणे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

झीज सारखी का होत नाही?

आपल्याकडील बहुसंख्य लहान गाड्यांमध्ये इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेक लावल्यावर पुढे झुकणारे वजन पेलणे ही तिन्ही कामे पुढच्या दोन चाकांवर पडतात. मागची चाके त्या मानाने निवांत असतात. साहजिकच पुढचे टायर लवकर झिजतात. नव्या टायरवरील खाचांची खोली साधारणतः ७ ते ८ मिलिमीटर असते. मोटारगाडीच्या बाबतीत ती १.६ मिलिमीटरपेक्षा कमी होऊ नये, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात. या मर्यादेची खूण म्हणून खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात. टायरचा पृष्ठभाग झिजत त्या उंचवट्यांना येऊन टेकला की टायरचे आयुष्य संपले, असे समजावे. पावसाळ्यात मात्र इतके थांबू नये. रस्त्यावरील पाणी बाजूला सारणे हे या खाचांचेच काम असल्याने त्या उथळ झाल्या की ओल्या रस्त्यावरची पकड बरीच आधी कमी होऊ लागते.

झिजलेला टायर आपली कहाणी स्वतःच सांगतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, तर हवा कमी ठेवली जात होती. मधला पट्टाच झिजला, तर हवा जास्त होती. एकच कड झिजली, तर चाकाचा कल बिघडला आहे. रबरावरून आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर चाके परस्परांना समांतर नाहीत. जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग बिघडले आहे. अशी विषम झीज दिसत असताना केवळ चाकांच्या जागा बदलणे म्हणजे चुकीची नोंद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकणे होय. आधी कारण दूर करावे, मग चाके बदलावीत.

बदलीचे नियम

सर्वसाधारणपणे दर ८,००० ते १०,००० किलोमीटरनंतर चाकांची अदलाबदल करावी. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे अंतर दिले असल्यास ते प्रमाण मानावे. पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत पुढची दोन्ही चाके सरळ आपापल्या बाजूने मागे जातात, तर मागची चाके बाजू बदलून पुढे येतात. मागच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत याच्या उलट, मागची सरळ पुढे आणि पुढची बाजू बदलून मागे. काही टायरांच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. असे टायर एकाच बाजूस पुढे-मागे करता येतात, पण डावीकडून उजवीकडे नेता येत नाहीत. पुढच्या आणि मागच्या टायरांची मापे वेगवेगळी असल्यास पुढे-मागे बदल करताच येत नाही.

स्टेपनी इतर चार चाकांच्याच मापाची आणि प्रकारची असेल तर तिलाही या फेऱ्यात सामील करून घेता येते. अन्यथा ती डिकीत पडून वयानेच निकामी होते. टायरच्या बाजूवरील चार आकडी संख्येवरून त्याचे वय कळते. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे ‘२३१९’ असे कोरलेले असल्यास तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आकाराने लहान अशी तात्पुरती स्टेपनी मात्र या अदलाबदलीत कधीही घेऊ नये.

अदलाबदल झाल्यावर तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी हवेचा दाब वेगळा सांगितला असल्यास तो नव्या जागेनुसार करून घ्यावा. नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत आणि शेवटचा ताण पुस्तिकेतील मापाने द्यावा. शिवाय ५० ते १०० किलोमीटर गाडी चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

येथे एका रूढ समजाचा उल्लेख करायला हवा. दोनच टायर नवे घेतले की ते पुढे बसवण्याचा प्रघात आहे. वास्तविक अधिक खोल खाचांचे टायर मागे असणे सुरक्षित असते. ओल्या रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटली तर चालकाला स्टिअरिंगमधून ते जाणवते आणि वेग कमी करून गाडी बहुधा सावरता येते. मागची पकड सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरू शकते.

थरथरीचे गणित

चाकाचे वजन सर्व बाजूंनी समतोल नसेल तर जड बाजू प्रत्येक फेरीत चाकाला बाहेर ओढते. १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे १.९५ मीटर भरतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या घेते. रिमच्या कडेवर केवळ २० ग्रॅमचा फरक असेल, म्हणजे दहा रुपयांच्या तीन नाण्यांच्या वजनापेक्षाही कमी, तरी या वेगाला सुमारे ३ किलो वजनाइतका हिसका निर्माण होतो आणि तो सेकंदाला चौदा वेळा बसतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरला तोच हिसका पाऊण किलोच्या आसपास असतो आणि सहसा जाणवतही नाही. यावरून एक मोलाचे सूत्र हाती येते. निव्वळ बॅलन्सिंगचा दोष बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या पुढे प्रकट होतो. त्याहून बऱ्याच कमी वेगाला चाक डगमगत असेल तर वजनाऐवजी आकारातच दोष असण्याचा संभव अधिक. रिम वाकली असेल किंवा टायर आतून बिघडला असेल.

थरथर केव्हा आणि कुठे?

गॅरेजात जाण्यापूर्वी मालकाने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर संशय पुढच्या चाकांवर घ्यावा. आसनात किंवा पायाखाली जाणवत असेल तर मागच्या चाकांवर. केवळ ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल तर ब्रेकच्या डिस्कची जाडी असमान झाली असावी. केवळ जोरात वेग घेताना होत असेल तर चाकांना शक्ती पोचवणाऱ्या दांड्यांचे सांधे किंवा इंजिनाचे माउंटिंग तपासावे. थरथरीऐवजी सतत घरघर ऐकू येत असेल आणि वळणावर ती कमी-जास्त होत असेल, तर चाकाचे बेअरिंग गेलेले असू शकते.

दोष इंजिनाचा की चाकांचा, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगाला चौथ्याऐवजी तिसरा गिअर टाकून पाहावा. इंजिनाच्या फेऱ्या वाढूनही थरथर तशीच राहिली तर ती चाकांकडून येत आहे. इंजिनाबरोबर तीही बदलली तर दोष इंजिनाच्या बाजूचा. काही वेळा कारण अगदी क्षुल्लक असते. पावसाळ्यात रिमच्या आतल्या बाजूस वाळलेला चिखल चिकटून राहिला तरी तोल बिघडतो. गाडी बरेच दिवस उभी असल्यास टायरचा खालचा भाग चपटा होतो आणि काही किलोमीटर चालल्यावर बहुधा पूर्ववत होतो.

बदली हीच कसोटी

आता माझ्या गाडीकडे वळतो. शेजाऱ्यांनी सुचवलेल्या एका वयस्कर कारागिराने गाडीचे वर्णन शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या इंदुरी हिंदीत एवढेच सांगितले की, कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी चाके बदलून पाहू. टायर बाहेरून तपासल्यावर चीर किंवा फुगवटा दिसला नाही. मग त्याने पुढची दोन्ही चाके मागे आणि मागची पुढे लावली. वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर अगदी सावकाश एक फेरी मारली. स्टिअरिंग स्थिर होते, आणि थरथर आता माझ्या आसनाखाली आली होती! दोष चाकाबरोबर जागा बदलून गेला होता. म्हणजे ब्रेकच्या डिस्क आणि स्टिअरिंग निर्दोष होते. चाके बदलूनही थरथर स्टिअरिंगमध्येच राहिली असती, तर मात्र संशय गाडीच्याच पुढच्या भागांवर गेला असता.

त्यानंतर जॅक लावून त्याने मागचे एकेक चाक हाताने फिरवले. डाव्या चाकाच्या खाचांची रेघ एका जागी नागमोडी जात होती. टायरमधील पोलादी तारांचा पट्टा तेथे रबरापासून सुटू लागला होता. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक भाराविना फिरते. वजन समतोल असले की यंत्र त्याला उत्तीर्ण करते. रस्त्यावर गाडीचे वजन पडल्यावर जे वाकडेपण उघड होते, ते साध्या यंत्राला दिसत नाही. असा टायर महामार्गाच्या वेगाला फुटू शकतो, हे ऐकल्यावर मागच्या आसनावर झोपून आलेली आमची मुले माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. एक नवा टायर घेऊन काम भागले. सुचवलेल्या दुरुस्तीच्या मानाने तो खर्च किरकोळ होता.

येथे एक इशारा आवश्यक आहे. टायरवर फुगवटा, खोल चीर किंवा उघडी पडलेली तार दिसली, तर अदलाबदलीचा प्रयोग करू नये. ते चाक तत्काळ उतरवून स्टेपनी लावावी.

खर्चाचा हिशेब

वाहनविमा आहे म्हणून टायरांबाबत निश्चिंत राहणे बरोबर नाही. आपल्याकडील प्रचलित सर्वसमावेशक वाहनविम्यात झीज धरलेली नसते. अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरची भरपाई मिळते आणि तीही नव्या टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत. जादा हप्ता भरून घेतलेल्या पूरक संरक्षणाच्या अटी अर्थात वेगळ्या असतात. म्हणून गाडीतील पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर एक साधा तक्ता आखावा. तारीख, किलोमीटर, कोणते चाक कोठून कोठे गेले, प्रत्येक टायरच्या खाचांची खोली आणि हवेचा दाब, एवढे पाच रकाने पुरेत. चाक उतरवण्यापूर्वी त्याच्या आतील बाजूस खडूने मूळ जागा लिहून ठेवली, तर पुढे थरथर सुरू झाल्यास शोध कोठून घ्यायचा हे लगेच कळते.

कर्ज फिटेपर्यंत गाडी बँकेकडे नजरगहाण असते आणि तिच्या कागदपत्रांची आपण काळजीपूर्वक जपणूक करतो. रस्त्याला मात्र टेकलेले असतात ते चार टायरांचे जेमतेम तळहाताएवढे चार तुकडे. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी बिलावर सही करण्यापूर्वी कोणते चाक कोठे गेले हे विचारावे आणि उत्तर तेथेच तक्त्यात लिहून घ्यावे.