वाफसा म्हणजे नुसती ओल नव्हे

मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी आणि हवा दोन्ही एकाच वेळी असतात, त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. चांगल्या मातीचे साधारण निम्मे आकारमान अशा पोकळीचे असते. भरपूर पाणी दिले की माती संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेली) होते; जादा पाणी निथळले की वाफसा येतो. पिळलेला पंचा ओलसर असतो, पण टपकत नाही, तसेच हे.

वसंतापूर्वी परसात झेंडूचा किंवा झिनियाचा नवा वाफा करताना जमीन भिजवून लगेच खणली जाते. भिजवणे योग्यच; चूक घाईत आहे. चिखलात कुदळ चालवली की कण एकमेकांवर दाबले जातात, आणि काळ्या मातीची तर वाळल्यावर विटेसारखी ढेकळे होतात. मग कितीही शेणखत घातले तरी ते ढेकळांभोवतीच राहते.

मुरमाड जमिनीत वाफसा लवकर येतो, काळीत उशिरा. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा माती पाहावी. वीतभर खोलीवरच्या मूठभर मातीचा लाडू वळून कमरेच्या उंचीवरून टाकावा. फुटून भुरभुरला, तर खणावे. चपटा होऊन बसला, तर थांबावे. वळलाच नाही, तर पाणी कमी आहे.