काजूची फेणी आणि बांधावरचा मोह

आमच्या वणी, मारेगाव व पांढरकवडा या भागांत बांधाबांधावर मोहाची झाडे पूर्वापार उभी आहेत. ती राखावी की तोडावी, असा प्रश्न शेतकरी बंधू आम्हांस वारंवार विचारितात. कपाशीवर सावली पडते, ही तक्रार खरी आहे. परंतु झाड तोडण्यापूर्वी गोव्यातील एका घराण्याची हकीकत वाचकांनी ध्यानात घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

श्री. हॅन्सेल वाझ हे शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ. खडक व खनिजे यांची विद्या शिकलेला हा मनुष्य तो व्यवसाय बाजूस ठेवून घरच्या फेणीच्या धंद्यात उतरला. त्यांच्या मालाचे नाव ‘काझुलो’. एवढे शिकून दारूच्या भट्टीकडे का वळावे, असे आपल्याकडील वडीलधारी मंडळी विचारतील. त्याचे उत्तर समजण्यास फेणी कशी होते हे आधी पाहिले पाहिजे.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणिले. बी विकली जाते. तिच्यावरचे रसाळ बोंडू मात्र एक-दोन दिवसांत नासते. म्हणून फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत, आपोआप गळून पडलेली पिकलेली बोंडे तेवढी वेचतात. झाडावरून तोडलेले बोंडू चांगला भट्टीवाला घेत नाही. ती खडकात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवून रस काढितात. उरलेल्या चोथ्याचा गोळा वेलीने आवळून त्यावर जड दगड ठेविला म्हणजे जो स्वच्छ रस झिरपतो, तो ‘नीरो’. तो तसाच पितात. तुडविलेला रस सुमारे तीन दिवस आंबवून भट्टीवर चढविला म्हणजे प्रथम जो सौम्य अर्क उतरतो, त्यास ‘उर्राक’ म्हणतात. उर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा भट्टी लाविली म्हणजे फेणी होते. फेस येतो म्हणून ‘फेणी’ हे नाव पडले असे मानितात, आणि जुना कसबी मनुष्य तो फेस पाहूनच तिचा जोर सांगतो. आम्ही स्वतः कधी घोट घेतलेला नाही; तेव्हा चवीविषयी काही लिहीत नाही.

इतकी मेहनत असूनही या मालाची पत गेली होती. स्वस्त मद्यार्काची भेसळ होई, आणि कायद्याने फेणी ‘देशी दारू’ या सदरात मोडत असल्यामुळे गोव्याबाहेर तिला बाजार मिळत नसे. 2009 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे गोव्याबाहेर तयार झालेल्या मालास काजू-फेणी हे नाव लावता येईनासे झाले. 2016 साली गोवा सरकारने अबकारी कायदा सुधारून तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. वाझ यांनी या संधीचा उपयोग केला. जुन्या भट्टीवाल्यांचा माल तो कोणत्या रीतीने झाला हे सांगून विकणे, अनंतमुळाची मुळी घालून केलेली ‘दुकशिरी’ पुन्हा प्रचारात आणणे, जुन्या घरांतून फेणी साठवीत ती काचेची पोटाळ भांडी मिळवून जतन करणे, हा त्यांचा उद्योग. आमच्या मते त्यांचे खरे काम भट्टीवर नसून ग्राहकाच्या मनावर झाले. फेणी तीच; तिची ओळख बदलली.

आता आपल्याकडे. मोहाचे फूलही गळून पडणारे, गोड, आणि आंबविण्यास सोपे. कोलाम व गोंड बांधव ते पिढ्यान्‌पिढ्या वेचीत आले. पण त्यावर अबकारीची नजर जुनीच. महसूल खात्यात असताना एकदा पाहणीस गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने हात जोडून विनविले होते, “साहेब, मोहाची झाडं कागदावर नका घेऊ, उगाच शिपाई दारात येतील.” झाडे आम्ही नोंदविली. त्याची भीती मात्र अनाठायी होती असे आजही म्हणवत नाही.

2021 साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले. फुलाची दारू गाळणे मात्र परवान्यावाचून गुन्हाच आहे, हे विसरू नये. द्राक्षाच्या वाईनला याच राज्यात 2001 साली स्वतंत्र धोरण मिळाले. शेजारच्या मध्यप्रदेशाने मोहाच्या दारूस वारसा-मद्य ठरवून आदिवासी बचतगटांस ती करण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे तसे व्हावे काय, याविषयी आम्ही घाईने मत देणार नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात व विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि आपल्या जिल्ह्यातील ज्या मायबहिणींनी दारूबंदीसाठी मोर्चे काढिले त्यांचे दुःख आम्ही कचेरीच्या दारातून पाहिले आहे. गोव्याचा कित्ता जसाच्या तसा येथे गिरविता येणार नाही.

परंतु फुलास दारूवाचून दुसरी वाट नाही, असेही नाही. लाडू, मनुकांसारखी सुकविलेली फुले, सरबत यांना गिऱ्हाईक आहे. अट एवढीच की फूल स्वच्छ पाहिजे. आपल्याकडे मार्चमध्ये झाडाखालचा पाचोळा जाळून राखेतली फुले वेचितात. त्याने फूल काळवंडते आणि कधी आगही पसरते. त्याऐवजी पाचोळा झाडून, खांद्याइतक्या उंचीवर जुनी जाळी चार खुंटांस बांधावी. पहाटे पडलेले फूल उन्हापूर्वी गोळा करावे व ताडपत्रीवर पातळ पसरून तीन-चार दिवस वाळवावे. मातीचा कण लागलेला माल वेगळ्या पोत्यात ठेवावा. दोन्ही एकत्र केल्यास भाव मातीच्या मालाचाच मिळतो.