वहीतला देवगिरी

दौलताबादच्या देवगिरी किल्ल्यावर शाळेची सहल आली की महाद्वारापाशी थोडा वेळ उभं राहून बघा. वर शिखराकडे बोट दाखवून "तिथं चढायचंय" म्हटलं, की निम्म्या पोरांचे पाय तिथंच दुखायला लागतात. तेच "चांद मिनारापाशी जाऊन पाणी पिऊ" म्हटलं, की सगळी धावत सुटतात. मग चिनी महाल, मग खंदकावरचा पूल, मग काळोखा भुयारी मार्ग म्हणजे अंधारी, मग बारादरी. पायऱ्या तेवढ्याच असतात.

प्राथमिक शाळेतल्या मुलानं अभ्यासातलं पुढचं ठिकाण स्वतः ठरवायचं आणि आपण कुठवर आलो ते स्वतः लिहून ठेवायचं, हे काम याच जातीचं आहे. आपण छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या शाळेत शिक्षक असा, नाहीतर वाळूजच्या कंपनीतून पाळी संपवून घरी येणारे बाबा असा, त्यासाठी एक शंभर पानी वही आणि पेन्सिल पुरते. आठवड्यातली दहा-पंधरा मिनिटं मात्र नियमानं द्यावी लागतात.

हे खूळ नवं नाही. महाराष्ट्रात 2010 पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातलं आकारिक मूल्यमापन म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर घेतलेली पारख. सत्राच्या शेवटी होते ती संकलित. पहिली-दुसरीला 70 टक्के भार आकारिकला आहे, तिसरी-चौथीला 60. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर प्रगतिपत्रकात मुलाचं स्वयंमूल्यमापन, म्हणजे त्यानं स्वतःच केलेली स्वतःची पारखही असावी, असं म्हटलं. पण नोंदी लिहितात शिक्षक, त्या राहतात कपाटात, आणि ज्याच्याविषयी त्या असतात त्याला त्यांचा पत्ता नसतो. "वाचनात सुधारणा आवश्यक" हा शेरा वाचून उद्या सकाळी नेमकं काय करायचं, हे आठ वर्षांच्या मुलाला कसं कळणार?

तर पहिलं काम, मूल आज कुठे उभं आहे ते बघणं. इयत्ता कितवी, हा प्रश्न इथं बाजूला ठेवा. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीसाठी 2005 पासून गावोगाव जी वाचनतपासणी होते, ती आपल्यालाही उपयोगी पडते. तिच्यात चारच गोष्टी असतात: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या तोडीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या तोडीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो जमला तर गोष्ट द्यायची, अडखळलं तर शब्दांकडे आणि तिथून अक्षरांकडे उतरायचं. गणितातही तसंच: एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी ओळखणं, हातच्याची वजाबाकी, मग भागाकार.

इथली नेहमीची चूक म्हणजे पाठ्यपुस्तकातलाच धडा वाचायला देणं. तो धडा मुलानं वर्गात इतक्यांदा ऐकलेला असतो, की बोट ओळीवर असतं आणि तोंड पाठांतरावर चालतं. शंका आली तर ओळीतला शेवटचा शब्द आधी विचारा. खरं वाचणारं मूल थांबून तो शब्द वाचेल. पाठ केलेलं मूल मनातल्या मनात ओळीच्या सुरुवातीला परत जाईल. दुसरी चूक, सगळ्या वर्गासमोर तपासणी घेणं. ही एकेकट्यानं, कोपऱ्यात, हळू आवाजात करायची गोष्ट आहे.

आता जिना बांधायचा, आणि सगळ्यात जास्त डोकं इथंच लागतं. 2021 च्या निपुण भारत अभियानानं तिसरीअखेरचं लक्ष्य ठरवून दिलं: अर्थ समजून मिनिटाला किमान 60 शब्द वाचणं आणि 9999 पर्यंतच्या संख्या येणं. हे झालं बारादरीच्याही वरचं शिखर. ते आपण डोळ्यांसमोर ठेवायचं. मुलाला मात्र समोरची पायरी दाखवायची.

समजा, एक मुलगी शब्द वाचते, पण परिच्छेदात अडते. नीट ऐकलं तर कळतं, की ती सगळ्या वाक्यांवर अडत नाही, जोडाक्षरांवर अडते. आणखी नीट ऐकलं तर बहुतेक वेळा 'र' वर. मराठीतला हा 'र' बहुरूपी आहे. 'हर्सूल'मध्ये डोक्यावर रफार होऊन बसतो, 'क्रांती चौका'त पायात तिरपा शिरतो, 'औट्रम घाटा'त काकपदासारखा खाली लटकतो आणि 'पायऱ्या'त चंद्रकोरीसारखा पुढच्या अक्षराला चिकटतो. म्हणजे ज्याला आपण 'वाचनात कच्ची' म्हणत होतो, ती प्रत्यक्षात चार छोट्या पायऱ्यांपाशी थांबली आहे. प्रत्येक पायरी आठवडाभराची.

गणितात असाच एक चकवा 'एकोण' चा. एकोणपन्नास ऐकलं की कानात 'पन्नास' राहतं आणि मूल 59 लिहून मोकळं होतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशा संख्यावाचनाची जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वादात कुणी जिंको, 29 ते 89 मधले हे सात 'एकोण' मुलांना छळतात हे खरंच आहे. म्हणून 'शंभरपर्यंतच्या संख्या' ही पायरी नव्हे, 'सात एकोण' ही पायरी.

यानंतर ध्येय ठरवायचं, तेही मुलानं. 'ध्येय' हा शब्द त्याच्यासमोर वापरला नाही तरी चालेल. तो ऐकला की मुलं "मी मोठेपणी कलेक्टर होणार" सुरू करतात. त्यापेक्षा विचारा, "या आठवड्यात काय जमवू या?" पहिलं उत्तर बहुधा "सगळं" किंवा "पहिला नंबर" असं येतं. हसू नका, रागावू नका. पहिला नंबर आपल्या हातात नसतो, तो बाकीच्या पस्तीस जणांवरही अवलंबून असतो, एवढं सांगून जिन्यातल्या पुढच्या दोन पायऱ्या समोर ठेवा. "यातली कुठली आधी?" दोनच ठेवा. दहा ठेवल्या तर मूल सोपी निवडतं किंवा आपला चेहरा बघून निवडतं.

निवडलेलं वाक्य मुलाच्या शब्दांत आणि त्याच्याच अक्षरात वहीत जाऊ द्या. "मला गणितात हुशार व्हायचंय" असं लिहिलं, तर विचारा, "शनिवारी हुशार झालास हे मला कसं दिसेल?" मग वाक्य हळूहळू जमिनीवर येतं: "शनिवारपर्यंत सात एकोण ऐकून लिहीन." शुद्धलेखनाची चूक राहिली तर राहू द्या. ते पान लाल पेनानं रंगलं, की वही आपली झाली, मुलाची उरली नाही.

'जमलं' म्हणजे काय, हेही त्याच वेळी ठरवून टाका, नाहीतर शनिवारी वकिली सुरू होते. माझ्या मते कसोटी तीन गोष्टींची असावी: मदत न घेता, दोन वेगवेगळ्या दिवशी आणि नव्या मजकुरावर. 'र' ची तपासणी पुस्तकातल्या शब्दांवर करण्यापेक्षा रस्त्यावर करा. दुकानांच्या पाट्या, बसवरची गावांची नावं, लग्नपत्रिका, किराण्याच्या पुड्यावरचा मजकूर. तिथं पाठांतर चालत नाही.

नोंद रोजची, पण दोन मिनिटांचीच. पहिली-दुसरीच्या मुलांनी लिहायची गरज नाही. जमलेल्या शब्दागणिक एक चिंचोका काचेच्या बरणीत टाकला तरी पुष्कळ. मोठ्या मुलांसाठी चौकटींचा पट्टा बरा: रोजची एक चौकट, जेवढं जमलं तेवढी रंगवायची. वहीच्या मधल्या दोन पानांवर देवगिरीचं चित्र मुलाकडूनच काढून घ्या. एक एक पायरी जमली की वाट पुढे रंगवायची. अवघड वाटणाऱ्या पायरीला मुलं आपण न सांगताच 'अंधारी' म्हणू लागतात, आणि खऱ्या अंधारीत जसा पुढच्याचा हात धरायचा असतो तशी इथंही मदत मागायची, हे वेगळं समजवावं लागत नाही.

इथं एक सावधगिरी फार महत्त्वाची. हा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावू नका. उत्साही शिक्षक सगळ्यांच्या नावांचा तक्ता करतात, तारे चिकटवतात, आणि महिन्याभरात तळातली चार-पाच मुलं त्या भिंतीकडे बघायचं सोडून देतात. वरची मुलं तारे मोजायला लागतात, कधी रात्रीतून एखादा ताराही वाढतो. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या पानाशी, बस्स. चॉकलेटचंही तेच: दोन आठवडे चालतं, तिसऱ्या आठवड्यात मूल पायरी न बघता चॉकलेट बघतं.

वहीत गुणही नकोत. रूथ बटलर या इस्रायली संशोधिकेनं 1988 मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग शिक्षणशास्त्रात प्रसिद्ध आहे. काही मुलांना कामावर फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. आपल्याकडे पेपर हातात आला की मुलं आधी काय उलटून बघतात, हे आठवलं तर याचं आश्चर्य वाटू नये.

शनिवारची सकाळची शाळा या कामाला सोयीची. घरी असाल तर दुपारचं जेवण झाल्यावर पाच मिनिटं. वर्गात पस्तीस मुलं असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी गाठायचा अट्टहास करू नका. रोज सात, म्हणजे पाच दिवसांत वर्ग पूर्ण होतो. प्रश्न तीनच: काय ठरवलं होतं, काय झालं, आता काय? या पाच मिनिटांत निम्म्याहून जास्त वेळ मूल बोललं पाहिजे. आपल्याला ते जड जातं. उपदेशाची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, त्यामुळे हातात पाण्याचा पेला धरून बसा आणि बोलावंसं वाटलं की एक घोट घ्या.

पहिली-दुसरीतली मुलं बेधडक "मला सगळं येतं" म्हणतात. हा खोटेपणा नव्हे, त्या वयाचा आशावाद आहे. "खोटं बोलतोस" म्हणालात, की पुढच्या वेळी मूल खरं सांगण्याऐवजी आपल्याला आवडेल ते सांगेल. "चल, वाचून बघू" म्हणा आणि निकाल पाटीवर सोडा. याच्या उलट, चौथीपर्यंत येता येता काही मुलं येत असलेलंही "नाही येत" म्हणतात. त्यांना मागची पानं उलटून दाखवा.

सलग दोन आठवडे पायरी जमली नाही, तर मुलाला ढिलाईबद्दल बोलण्याआधी पायरी मोजा. नव्वद टक्के वेळा ती मोठी असते, असं म्हणायचा मोह होतो. आकडा मी छातीठोकपणे देणार नाही, पण मी तरी आधी पायरीलाच धरतो. हातच्याची वजाबाकी जमत नसेल तर दशक सुटा करणं जमतं का ते बघा. काड्यांचा गठ्ठा द्या, सोडायला लावा. गठ्ठा सुटला की वजाबाकीही सुटते.

वहीला दोन वेळा खंड पडतो. एक दिवाळीच्या सुट्टीत, तो सगळ्यांनाच. दुसरा खंड पैठण-कन्नडकडच्या शिक्षकांना चांगला माहीत आहे: दिवाळीच्या आसपास घरची माणसं ऊसतोडीला निघतात आणि काही मुलंही बिऱ्हाडासोबत जातात. कपाटातली नोंद तेव्हा कपाटातच राहते. ही वही मात्र मुलाची आहे, ती पिशवीतून जाऊ द्या. कारखान्यावर जवळची शाळा मिळाली तर तिथल्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी कळेल, की मूल 'क्र' पर्यंत पोचलंय, 'ट्र' बाकी आहे. शाळा नाहीच मिळाली, तरी गुढीपाडव्याला परतल्यावर अआइई पासून सुरू करावं लागणार नाही. परत आल्यावर आधी मागच्या दोन पायऱ्या पुन्हा तपासा. थोडं विसरलेलं असतंच.

शेवटचा टप्पा पालकसभेचा. तिथं एरवी शिक्षक बोलतात, पालक मान हलवतात आणि मूल बाहेर दाराशी नखं खात उभं असतं. या वेळी मुलाला आत बोलवा, वही त्याच्या हातात द्या आणि नकाशावरून बोट फिरवत त्यालाच सांगू द्या, जूनमध्ये कुठे होतो, आता कुठे आहोत, अंधारीत कोण मदतीला आलं. सभेच्या आदल्या दिवशी एकदा सराव करून घ्या, कारण आईसमोर बोलायला मुलं सगळ्यात जास्त लाजतात.

ज्यांच्या घरी वाचता येणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी एक युक्ती आहे, पण तिची तयारी जूनपासून हवी. महिन्यातून एकदा त्याच चार वाक्यांचं मुलाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, तारखेसह. सभेत जूनचं आणि फेब्रुवारीचं एकापाठोपाठ लावा. जूनच्या रेकॉर्डिंगमध्ये दोन शब्दांमध्ये जी लांब शांतता असते ना, ती आजीलाही ऐकू येते.