अक्षरें येतात, मग शब्द कां अडतो?

‘व ला काना वा, घ. मग काय झालें?’ या प्रश्नास एखादें मूल ‘वलाकानावाघ’ असें उत्तर देतें. घरांतील मंडळी हंसतात, मूल ओशाळतें, आणि दुसऱ्या दिवशीं पुस्तक पाहतांच त्याच्या पोटांत दुखूं लागतें. हा दोष मुलाचा नसून शिकविण्याचा आहे, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

हें मला उशिरां समजलें, याची खंत वाटते. आमच्या गेवराई तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबें ऊसतोडणीस जातात व उन्हाळ्यांत परततात. अशाच एका घरचा मुलगा माझ्या वर्गांत होता. मुळाक्षरें त्यास अस्खलित म्हणतां येत. पण ‘नळ’ हा शब्द वाचतां येईना. मीं त्याला आळशी ठरविलें, चारचौघांत उभें केलें. पुढील वर्षीं तो आईबापांबरोबर कारखान्यावर गेला, तो शाळेंत परत आलाच नाहीं.

त्याच्या अडखळण्याचें कारण साधें होतें. आपण ‘न’ शिकवितों, त्यांत न् आणि अ असे दोन ध्वनि असतात. संस्कृतांत अंत्य अकार पूर्ण उच्चारतात. मराठींत मात्र आपण लिहितों ‘नळ’ आणि बोलतों ‘नळ्’. मूल प्रामाणिकपणें दोन्ही अक्षरें पूर्ण उच्चारून जोडतें, आणि जो शब्द तयार होतो तो त्यानें कधीं ऐकलेलाच नसतो. शिवाय ‘ला काना’ हें चिन्हाचें वर्णन आहे, ध्वनि नव्हे. पाणिनीनें वर्णांच्या अत्यंत सान्निध्यास ‘संहिता’ म्हटलें आहे. वाचन म्हणजे ही संहिताच होय. सुटीं अक्षरें पाठ होणें ही केवळ तिची पूर्वतयारी.

मग घरीं काय करावें? प्रथम पाटी दूर ठेवून कानाचा खेळ खेळावा. आपण ‘मा... सा’ असें थांबून म्हणावें, मुलानें ‘मासा’ असें उत्तर द्यावें. नंतर म, न, स, ळ एवढींच अक्षरें घेऊन त्यांस काना जोडावा. म, न, स यांचा ध्वनि लांबवितां येतो, म्हणून आवाज न तोडतां एका अक्षरावरून दुसऱ्यावर जातां येतें. क, ट यांचें तसें नाहीं. आरंभ ‘मामा’, ‘नाना’, ‘मासा’ या शब्दांनीं करावा, कारण येथें जें लिहिलें तेंच बोललें जातें. त्यानंतर ‘मान’, ‘माळ’, ‘नळ’ घ्यावेत. ‘मा’ दाखवून ‘मा’ एवढेंच म्हणावें. कान्याचें नांव मागाहून सांगतां येतें. जोडाक्षरांची घाई नको.

हा विचार माझ्या एकट्याचा नाहीं. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनीं १९८६ सालीं फलटण येथें कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. थोडीं अक्षरें, त्यांजबरोबर स्वरचिन्हें आणि लगेच अर्थपूर्ण शब्द, असाच त्यांच्या वाचनपद्धतीचा क्रम आहे.

परवां माझी पांच वर्षांची नात ‘माळ’ या शब्दापाशीं थांबली. ‘मा... ळ... माळ!’ असें म्हणून तिनें आजीच्या हातांतील जपमाळेकडे बोट दाखविलें. त्या क्षणीं मला तो मुलगा आठवला. हाच आनंद त्यासही देतां आला असता. उणीव होती ती थोड्या समजुतीची, आणि तीही माझ्याच बाजूस.