छोटी पानं आणि बूट उचलणारा राजा

चवथीच्या जागरणात मुफलीस, म्हणजे सर्वांत छोटा हात जिंकणारी तीन पत्ती, खेळून हात बसलेल्या गोव्यातल्या साखळीकराला पोकरमधल्या सेव्हन-कार्ड स्टडचा ‘हाय-लो’ प्रकार समजावून सांगा, तो लगेच खुलतो. छोट्या पानांनाही अर्धा पॉट? मग तीन छोटी पानं आली की समोरच्याने कितीही मोठी चाल मारू दे, आपण बसायचं! गैरसमजांची सुरुवात इथूनच होते.

आधी खेळ थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली आणि एक उघडं. नंतर एकेक करून तीन उघडी, आणि सातवं पुन्हा झाकलेलं. सातांतून पाच पानांचा सर्वांत मोठा हात अर्धा पॉट नेतो. उरलेला अर्धा सर्वांत छोट्या हाताचा, पण तो आठ किंवा त्याखालच्या पाच वेगवेगळ्या पानांचा असला तरच. एक्का दोन्हीकडे चालतो. रन किंवा कलर झाला म्हणून छोटा हात बाद होत नाही. छोटा हात कुणाचाच जमला नाही, तर सगळा पॉट मोठ्याचा. सुरुवातीला सर्वांत लहान उघडं पान ज्याचं, त्याला सक्तीची छोटी चाल भरावी लागते. बाकीचे एकामागून एक पॅक होत गेले आणि शेवटच्याच्या पुढ्यात राजा उघडा असला, की तो पूर्ण चाल मारून बूट, म्हणजे सगळ्यांनी सुरुवातीला टाकलेले पैसे, उचलायला बघतो. हातात काही असो वा नसो.

‘अर्धा पॉट तर नक्कीच आपला,’ असं छोट्या पानांवर बसणारा म्हणतो. नक्की काहीच नाही. तीन वेगवेगळी छोटी पानं हातात असताना सातव्या पानापर्यंत छोटा हात जमण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के, म्हणजे निम्म्याहून किंचित कमीच. आणि जमला तरी हाती काय येतं? समजा आठ जण खेळताहेत, बूट २० रुपये, चाल पहिल्या दोन फेऱ्यांत १०० आणि पुढच्या तीन फेऱ्यांत २००. दोघेच उरले आणि शेवटपर्यंत प्रत्येक फेरीत एकेक चाल झाली, तर प्रत्येकाचे ८०० रुपये आत जातात. बुटाचे १६० धरून पॉट १७६०. त्याचा अर्धा ८८०. म्हणजे बूट सोडून घातलेले ८०० परत आणि वर ८० रुपये. छोटा हात नाही जमला आणि मोठाही लागला नाही, तर ८०० गेले. नुसत्या अर्ध्यासाठी बसणारा ८० कमवायला ८०० लावत असतो; क्लबात खेळत असेल तर त्या ८० मधूनही टेबलाची कात्री लागते. दोन्ही बाजू मिळाल्या तर मात्र ९६० चा फायदा आहे. बसायचं की पॅक व्हायचं हे त्या ९६० च्या आशेवर ठरतं.

म्हणून ‘सगळी छोटी पानं सारखीच’ हेही खोटं. ४-५-६ ला रन लागू शकतो, एकाच रंगाच्या तीन छोट्या पानांना कलर. एक्का असलेला हात, कुणालाच काही लागलं नाही तरी, नुसत्या राजावर मात करतो. वेगवेगळ्या रंगांचे २-७-८ यांतलं जवळजवळ काहीच करत नाहीत.

‘राजा उघडा, चाल मारली, म्हणजे राजांची जोडी आहे’ हा उलटा गैरसमज, भित्र्यांचा. उघड्या राजामागच्या दोन झाकल्या पानांत दुसरा राजा असण्याची शक्यता साडेअकरा टक्के आहे. कुठलीही जोडी धरली तरी सुमारे सतरा. जो माणूस संधी मिळेल तेव्हा राजावर चाल मारतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा नुसता राजाच असतो. एक्का आणि दोन छोटी पानं घेऊन त्याच्यासमोर पॅक होणं मला तरी मूर्खपणाचं वाटतं. तिथे उलट चाल वाढवावी. एक अपवाद. तुमचा एक्का उघडा दिसत असूनही त्याने चाल मारली असेल, तर ती बहुधा चोरीची नाही.

टेबलावरची इतर उघडी पानं न बघणारे तर ढिगाने भेटतात. सात जणांची उघडी पानं सगळी नववीच्या वरची असतील, तर ४८ चे ५९ टक्के होतात. तुम्हाला हव्या असलेल्या पाच पानांपैकी प्रत्येकाचं एकेक त्यांच्यासमोर पडलेलं असेल, तर ४० वर येतात. पत्ते तुमचे तेच, सौदा वेगळा.

हे सगळं साखळीकराने खेळायचं कुठे, हा प्रश्न रास्त आहे. मांडवीतल्या कॅसिनो बोटी तासाभराच्या आत गाठता येतात, म्हणून तिथे जाता येईल असं काही जणांना अजून वाटतं. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात बदल होत होत कॅसिनो आले, पण १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना खेळाच्या जागेत प्रवेश नाही. तो निर्णय साखळीचेच आमदार, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या कारकिर्दीतला. शिवाय बोटींवर टेक्सास होल्डेमचाच बोलबाला, स्टड विचारतो कोण! पैसे लावून ऑनलाइन खेळणं ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केलं, आणि तो खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद त्या कायद्यापुढे चालत नाही. तेव्हा बिनपैशांच्या चकत्या लावून घरीच.

‘एकदा बसलो की शेवटपर्यंत बसायचं’ हा सर्वांत महाग पडणारा समज. चौथं पान छोटं आणि नवं आलं, तर छोट्या हाताची शक्यता ७१ टक्क्यांवर जाते. राणी किंवा गुलाम आला, तर ३२. पाचवंही वाया गेलं तर १५ च्या आत, आणि नेमकी तिथपासून चाल दुप्पट होते. चौथं पान फसलं आणि राजावाला पुन्हा चाल मारतोय, तर बहुतेक हात तिथेच टाकून द्यावेत.

आणि चाल मारणाऱ्यासमोर राजाऐवजी एक्का असला तर? नवखे दोन्ही सारखेच धरतात. राजावाल्याला छोटा हात करणं अवघड; त्याच्यासमोर तुमचा आठाचा ओबडधोबड हातही अर्धा पॉट आणतो. एक्केवाला मात्र छोट्या बाजूनेही तुम्हाला मागे टाकू शकतो, तेव्हा अर्ध्याचीही शाश्वती नाही. सक्तीची चाल आधीच भरलेली असेल तर २-७-८ घेऊन राजासमोर एखादं पान बघावं. एक्क्यासमोर तेच पत्ते लगेच पॅक.